नागपूरच्या बर्डीतलं 'वरचं दुकान': रॅक सोडा, मागच्या खोलीत जा

आधीच सांगून टाकते, तयार टी-शर्ट घ्यायला जाणार असाल तर एवढा जिना चढू नका, तसला माल खाली बर्डीच्या फुटपाथवर निम्म्या भावात मिळतो आणि तिथं घासाघीस पण करता येते. पण तुम्ही गाण्याचा व्हिडिओ बनवून राहिले असाल, शॉर्ट फिल्म करून राहिले असाल, किंवा गल्लीतल्या पोट्ट्यांचा ग्रुप आहे आणि सगळ्यांना अंगावर काहीतरी आपलं छापून पाहिजे, तर इथं जाच. आणि वेळ काढून जा, कारण दुकानदार बोलतो खूप.

दुकानाला धड नाव नाही. म्हणजे कागदोपत्री असेल, पण पाटी अजून आधीच्या टेलरची आहे आणि सगळे 'वरचं दुकान' म्हणूनच ओळखतात. मेन रोडवरून आत गल्ली, खाली बॅगावाले आणि मोबाइल कव्हरवाले, त्यांच्या मधून अरुंद जिना. पहिल्या मजल्यावर समोरच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत छपाई, आणि वर गच्चीला लागून एक खोली जिथं शनिवारी संध्याकाळी प्रोजेक्टर लावतात. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, पोट त्याच्यावर चालतं, उरलेल्या वेळात ओळखीतल्या रॅपर पोरांचे व्हिडिओ शूट करते, त्यामुळे या तिन्ही खोल्यांशी संबंध आला म्हणून तिन्हीबद्दल लिहून राहिली आहे.

समोरच्या खोलीचं पटकन उरकते. रॅकवर अर्धा माल तोच जो सगळीकडे आहे: छातीवर जपानी अक्षरं जी ना विकणाऱ्याला वाचता येत ना घेणाऱ्याला, मागे वाघ, बाह्यांवर आगीच्या ज्वाळा. ३२० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटर कापडाचं वजन ३२० ग्रॅम, चांगलंच जाड) हुडी लटकवलेत, नागपुरात, जिथं डिसेंबर-जानेवारीचे काही आठवडे सोडले तर ते घालणाऱ्याचं काय होईल ते तुम्हीच बघा. ट्रायल रूम नाही. एक पडदा आहे जो दोन्ही बाजूंनी कमी पडतो आणि त्याच्या मागे खोके ठेवलेत, मुलींनी काय करायचं हा प्रश्न कोणाला पडलेलाच दिसत नाही. साइजचं पण तसंच, सगळं 'युनिसेक्स', म्हणजे पुरुषांच्या मापाने शिवलेलं आणि मुलींनी आपलं भागवून घ्यायचं, मी स्मॉल घेतला तरी खांद्याची शिवण कोपराच्या दिशेने निघाली होती, दुकानदार दादा म्हणे ताई तो ड्रॉप शोल्डरच आहे. हाव, पण ड्रॉप म्हणजे किती ड्रॉप!

एक गोष्ट मात्र आवडली. फर्स्ट कॉपी, म्हणजे ब्रँडची हुबेहूब नक्कल, ठेवत नाही आणि मोठ्या ब्रँडचा लोगो छापून मागितला तर सरळ नाही म्हणतो. नाही म्हणताना प्रत्येकाला डॅपर डॅनची गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधे १९८२ साली या माणसाने दुकान टाकलं, मोठ्या फॅशन कंपन्यांचे लोगो चामड्यावर स्वतः छापायचा आणि त्याचे जॅकेट-सूट शिवून रॅपर, बॉक्सर लोकांना द्यायचा, कंपन्यांनी कोर्टकचेऱ्या करून करून १९९२ पर्यंत दुकान बंद पाडलं. मग २०१७ मधे गुचीने एक जॅकेट काढलं तर लोक ओरडले की हे तर त्याचंच डिझाइन आहे, आणि शेवटी गुचीनेच त्याच्याबरोबर काम सुरू केलं. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन यातून उलटा धडा पण निघतो, की लोगो चोरूनही माणूस मोठा झाला. पण दादाचं म्हणणं असं की लोगो लोकांचा असला तरी त्या जॅकेटची बाही, कॉलर, फुगवटा सगळं त्याचं होतं, कंपनीने तसलं काही शिवलंच नव्हतं कधी. "तू तर नुसता लोगोच मागून राहिला बे," हे वाक्य मी तिथं बसल्या बसल्या वेगवेगळ्या पोरांना ऐकवलेलं ऐकलं आहे.

आता मागची खोली. आमच्याकडे एक पोरगा आहे, नागपूरच्याच इंदोरा वस्तीतला, वऱ्हाडीत रॅप करतो, चांगलं लिहितो. त्याला व्हिडिओ करायचा होता आणि त्याच्या मोबाइलमधे स्क्रीनशॉटचा एक आख्खा फोल्डर होता: काळी गाडी, धूर, निऑन लाइट, आणि सगळ्यांच्या अंगात फुगीर पफर जॅकेट. एप्रिल महिना, दुपारी बाहेर उभं राहवत नाही. तो फोल्डर घेऊन आम्ही दादाकडे गेलो, की असे जॅकेट भाड्याने कुठं मिळतील. दादाने फोटो पाहिले, निवांत पाहिले, मग म्हणाला, "पफर कायले पाहिजे बे? ते पोट्टे थंडीतले आहेत, थंडी वाजून राहिली म्हणून घातलं त्यांनी. तुले काय वाजून राहिलं?"

मग त्याने विचारलं की तुझ्या गल्लीत भिंतीवर काय काय लिहिलेलं आहे. पोरगा म्हणे काही नाही. असं कसं काही नाही, जा, फोटो काढून आण. दुसऱ्या वेळी फोटो घेऊन गेलो तर त्यात पाण्याच्या टाकीवरचा नंबर, किराणा दुकानाच्या शटरवरची अक्षरं, आणि एका घराच्या भिंतीवर कोण्या पेंटरने लाल रंगात ब्रशने लिहिलेलं 'गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल'. अक्षरं एकदम ठसठशीत, 'हवा' मोठ्या अक्षरात, शेवटी जागा कमी पडली म्हणून 'येईल' वर चढवलेलं, आणि 'ग'च्या कान्यावरून रंगाचा एक ओघळ खाली आलेला. दादा त्या ओघळावरच खूश. त्याच्या स्वतःच्या मोबाइलमधे मारबतीच्या मिरवणुकीतले बडग्यांच्या, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांच्या, हातातल्या पाट्यांचे फोटो भरलेत, तान्ह्या पोळ्याला इतवारी-महालाकडे दरवर्षी जातो म्हणे, लोक पुतळे बघतात आणि हा पाट्यांची अक्षरं बघतो. पिवळ्यावर काळं, घाईघाईत लिहिलेलं, चिडून लिहिलेलं. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत लाखाच्या गर्दीत जी पाटी लांबून वाचता येते ती टी-शर्टवर पण वाचता येते, इतकं साधं त्याचं गणित.

मला हे आधी जरा 'आपली माती आपली माणसं' टाइप वाटलं, खरं सांगायचं तर. पण स्ट्रीटवेअरची, म्हणजे या टी-शर्ट-हुडीवाल्या रस्त्यावरच्या फॅशनची, सुरुवातच तिथून आहे हे त्याने सांगितलं ते बरोबर आहे. शॉन स्टुसी कॅलिफोर्नियात समुद्रावरचे सर्फबोर्ड बनवायचा, बोर्डवर मार्करने आडवीतिडवी सही करायचा, आणि ८०च्या दशकात तीच सही टी-शर्टवर छापली तर लोक बोर्डापेक्षा टी-शर्ट मागायला लागले. आज स्टुसीचा जो लोगो सगळे कॉपी करतात ते त्या माणसाचं हस्ताक्षर आहे. आणि आपले पोट्टे त्याचं हस्ताक्षर छातीवर घेऊन फिरतात आणि गल्लीतल्या पेंटरचं भिंतीवर वाचून पुढे जातात.

तर ठरलं, पाठीवर 'गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल' आणि समोर छातीवर बारीक अक्षरात पोराच्या गल्लीचं नाव. मी लगेच म्हटलं की एखादा चांगला देवनागरी फॉन्ट घेऊ, दादाने ऐकलंच नाही. फोटो कॉम्प्युटरवर घेतला, कॉन्ट्रास्ट वाढवला, आणि एकेक अक्षर हाताने ट्रेस केलं, ओघळासकट. पेंटर कोण ते पोराला शोधायला लावलं, तो सापडला पण, त्याच गल्लीच्या टोकाला राहतो, त्याला विचारून छापलं आणि एक टी-शर्ट त्याला दिला. ही दादाची अट होती.

स्क्रीन प्रिंटिंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते कारण मला बघायला फार मजा आली. लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर बारीक जाळी ताणलेली असते, तिच्यावर इमल्शन, म्हणजे लाइट लागला की कडक होणारा लेप, लावून अंधारात वाळवतात. डिझाइन काळ्या शाईत पारदर्शक फिल्मवर काढतात, ती फिल्म जाळीवर ठेवून लाइट मारतात, जिथं लाइट लागतो तिथं इमल्शन कडक होतं आणि काळ्या अक्षरांखाली मऊच राहतं, मग पाण्याचा फवारा मारला की अक्षरं जाळीतून मोकळी होतात. त्या मोकळ्या जागेतून स्क्वीजीने, म्हणजे रबराच्या पट्टीने, शाई खाली ओढायची. एका रंगाला एक फ्रेम. त्यामुळे चार रंगांचं डिझाइन म्हणजे चार फ्रेम, आणि दोन टी-शर्टसाठी चार फ्रेम बनवणं म्हणजे वेडेपणा, म्हणून स्क्रीन प्रिंट लॉटमधेच परवडते. एकदोन नगच पाहिजे असतील तर डीटीएफ करा, फिल्मवर रंगीत प्रिंट मारून, गोंदाची पावडर लावून हीट प्रेसने चिकटवतात, फोटोसारखं डिझाइन पण येतं. पण ते शेवटी अंगावर स्टिकर चिकटवल्यासारखंच, छातीभर मोठा पट्टा असेल तर त्याच्याखाली हवा लागत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात ती काय शिक्षा आहे हे मी दुसऱ्या एका ठिकाणून करून घेतलेल्या टी-शर्टवर भोगलंय, वरून तो कडेला सोलायला पण लागला.

इथली शाई टिकते त्याचं कारण भट्टी. इथं वापरतात ती प्लॅस्टिसोल शाई हवेत वाळत नाही, तिला साधारण १६० डिग्री उष्णता पूर्ण जाडीभर मिळावी लागते, नाही तर वरून कोरडी दिसते आणि पाचव्या-सहाव्या धुण्याला तडे जातात. बरेच जण लाइट बिल वाचवायला इथंच घाई करतात. दादा प्रत्येक लॉटमधला एक टी-शर्ट बाजूला काढतो, प्रिंट दोन्ही हातांनी खेचून बघतो, तडा गेला तर सगळा लॉट परत भट्टीत. माझ्यासमोर खेचला. आमचे टी-शर्ट आतापर्यंत मशीनमधे भरपूर धुवून झाले, अक्षराला काही झालेलं नाही. उलटे करून धुवा आणि प्रिंटवरून इस्त्री फिरवू नका एवढंच.

पण मी हा रिव्ह्यू लिहायला बसली ते पुढच्या गोष्टीसाठी. हा माणूस कपडा कॅमेऱ्यातून बघतो. छापण्याआधी सॅम्पल टांगतो आणि म्हणतो मोबाइल काढा, शूट करा, चालत शूट करा, लांबून करा. पांढराशुभ्र टी-शर्ट उन्हात नुसता फुटतो, कपड्याच्या घड्या दिसत नाहीत आणि चेहरा काळा पडतो, त्यापेक्षा क्रीम रंग घ्या, व्हिडिओत तो पांढराच दिसतो. बारीक पट्ट्यांचा शर्ट नको, स्क्रीनवर त्याच्यात लाटा फिरताना दिसतात. डीटीएफची चकाकी लाइट परत मारते, स्क्रीन प्रिंट मॅट राहते. पफ प्रिंट, म्हणजे ती फुगलेली शाई, समोरून लाइट असेल तर सपाट दिसते पण बाजूने लाइट टाकला की अक्षराला सावली येते, क्लोजअपला भारी. आणि सेल्फी कॅमेऱ्याने रील बनवणाऱ्यांनो, काही मोबाइल उलटं सेव्ह करतात, अक्षरं आरशातली येतील, आधी सेटिंग बघा.

आमचा पिवळा रंग असाच बाद झाला. मारबतीच्या पाट्यांवरून मला काळ्या टी-शर्टवर पिवळी अक्षरं पाहिजे होती आणि दिवसा ती खरंच जबरदस्त दिसून राहिली होती. पण आमचा मुख्य सीन रात्रीचा होता. पोराला निऑन पाहिजे होतं ना, तर १४ एप्रिलच्या आसपास इंदोऱ्यात गल्लीगल्लीत निळी लायटिंग असते, जयंतीची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निऑन भाड्याने आणायची गरजच काय. दादाने मोबाइलच्या टॉर्चवर निळा जिलेटिन कागद धरला, खोलीतली ट्यूबलाइट बंद केली, आणि पिवळी अक्षरं गायब. म्हणजे अक्षरशः काळ्यात काळी झाली. पिवळा रंग निळा प्रकाश खाऊन टाकतो, परत पाठवायला काही उरतच नाही. त्याच लाइटमधे ऑफ-व्हाइट धरला तर अक्षरं निळी चमकायला लागली. ते दोन तुकडे बाजूबाजूला, आणि तो टॉर्च पिवळ्यावरून पांढऱ्यावर फिरवून राहिला, हे मी कितीतरी वेळ बघत उभी होती. कलर करेक्शन मी रोज करते, हळदीच्या फंक्शनमधल्या पिवळ्या पोरी डीजेच्या निळ्या लाइटमधे मळकट दिसतात हे हजारदा निस्तरलंय, पण कपडा निवडताना हे डोक्यात घ्यायचं असतं हे कधी कोणी म्हटलं नव्हतं. रात्रीला ऑफ-व्हाइट, दिवसाच्या शॉटला पिवळा, असा दोन्हींचा लॉट काढला, फ्रेम तीच, शाई फक्त बदलली.

कपड्याबद्दल एक रडगाणं गाऊन घेते. दुकानातला सगळा कोरा माल तिरुपूरहून येतो. विदर्भात कापूस आपला, टाटांची एम्प्रेस मिल याच शहरात १८७७ साली सुरू झाली, आता तिच्या जागेवर मॉल उभा आहे, आणि त्या मॉलमधे असो की बर्डीत, अंगात घालायचा साधा टी-शर्ट तमिळनाडूतून येतो. दादाला यावर बोलायला लावू नका, तासभर जातो. माल मात्र चांगला आहे, बायो वॉश केलेला (म्हणजे धुवून रोवां काढून मऊ केलेला) २४० जीएसएम, कॉलरची रिब ढिली पडत नाही. उन्हाळ्यासाठी मी म्हणेन १८०चा घ्या, कॅमेऱ्यासमोर २४० छान उभा राहतो पण शूट संपेपर्यंत पोरं पिळून काढावी लागली.

रेट: बारा नगांच्या वर, एक रंग, पुढे-मागे दोन्ही छपाई, २४० जीएसएम, आम्हाला ४२० रुपये नग पडला. डीटीएफचा सुटा टी-शर्ट ६५०. स्वस्त नाही. ट्रेसिंगचे वेगळे पैसे घेतले नाहीत, ज्याला खरं तर सगळ्यात जास्त वेळ गेला. पक्कं बिल मागितलं तर देतो, मागावं लागतं.

वेळेच्या बाबतीत शून्य मार्क. गुरुवारी देतो म्हणाला, शुक्रवारी फोन उचलला नाही, आणि टी-शर्ट हातात पडले ते शूटच्या दिवशी सकाळी, भट्टीतून काढलेले, अजून गरम. सगळी पोरं तयार, कॅमेरा भाड्याने आणलेला, आणि आम्ही जिन्यात उभे. "झालं ना ताई, भेटले ना," हे म्हणताना चेहऱ्यावर जराही संकोच नाही. तारीख सांगताना तुमच्या खऱ्या तारखेच्या चार दिवस आधीची सांगा, दुसरा उपाय नाही.

शनिवारची खोली. फुकट आहे, चहा आपला आपण मागवायचा. भिंतीला पोपडे आलेत त्यामुळे प्रत्येक हिरोच्या गालावर नकाशा दिसतो, आवाज एका ब्लूटूथ स्पीकरवर. पहिला तास लोकांनी आणलेल्या स्वतःच्या फिल्म दाखवतात, आणि त्यातला अर्धा वेळ सहन करायची तयारी ठेवा: अलार्म वाजतो, हात येतो, अलार्म बंद होतो, पोरगा दात घासतो, आरशात बघतो, मग ड्रोन शॉट. का प्रत्येक शॉर्ट फिल्म दात घासण्यापासून सुरू होते मला माहीत नाही. पण मधेच एखादी अशी येते की खोली गप्प होते, एका मुलीने कॉटन मार्केटमधल्या हमालांवर केलेली सहा मिनिटांची होती, एकही मुलाखत नाही, फक्त खांदे आणि पाय.

दुसरा तास म्युझिक व्हिडिओचा आणि याच्यासाठी जा. पद्धत अशी की व्हिडिओ आधी म्यूटवर लावायचा. गाणं बंद झालं की 'काय वाइब आहे' म्हणायला काही उरत नाही, मग दिसतं ते फक्त केलेलं काम: कट कुठं आहे, ऊन कुठून येऊन राहिलं, कॅमेरा जमिनीपासून किती वर आहे, मागून जाणारा माणूस ठरवून आणलाय की खरंच जाऊन राहिला होता. एकाने रॅपर नेझीच्या 'आफत'चा विषय काढला, २०१४ मधे कुर्ल्याच्या त्या पोराने आयपॅडवरच गाणं रेकॉर्ड केलं आणि आयपॅडवरच व्हिडिओ शूट केला, आणि सगळे नेहमीप्रमाणे 'बघा, काहीच नव्हतं त्याच्याकडे' करायला लागले, तर दादा म्हणाला, "काहून नव्हतं? गल्ली होती ना. गल्लीतलं कोणीच त्याच्याकडे पाहुणा म्हणून पाहून नाही राहिलं, हे पाह्य." मग व्हिडिओ थांबवून थांबवून मागचे चेहरे दाखवले.

असंच 'टँजरीन'चं झालं, शॉन बेकरचा पिक्चर, २०१५ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिवलमधे आला तो, आयफोन ५एसवर शूट केलेला. आपल्याकडे प्रत्येक वर्कशॉपमधे हे नाव फेकतात की मोबाइलवर फिल्म होते, जा बनवा. पण त्या मोबाइलवर चित्र सिनेमासारखं रुंद करणाऱ्या अॅनामॉर्फिक लेन्सचा अॅडॅप्टर होता, एक्सपोजर आणि फोकस धरून ठेवणारं वेगळं अॅप होतं, हाताचे धक्के न दिसू देणारं छोटं स्टेडीकॅम होतं, आणि आवाज मोबाइलच्या माइकवर घेतला नव्हता. हे शेवटचं मी तिथं हात वर करून सांगितलं, कारण माझ्याकडे एडिटला येणाऱ्या दर दुसऱ्या फिल्मचा आवाज कूलरचा असतो. आणि लांब कशाला जा, नागराज मंजुळेचा 'झुंड' आपल्याच शहरात शूट झाला, २०२२ला रिलीज झाला, अमिताभसमोर आपल्या वस्त्यांमधले पोट्टे उभे केलेत, त्यांचं चालणं बघा, कोणत्या स्टायलिस्टने शिकवलं असतं ते?

स्लो मोशनची ट्रिक पण याच खोलीत एका इंजिनिअरिंगच्या पोराने समजावली. गायकाचे ओठ गाण्याशी जुळले पाहिजेत पण बाकी सगळं, केस, धूळ, कापड, हळू दिसलं पाहिजे, तर गाणं सेटवर दुप्पट स्पीडने वाजवायचं, सेकंदाला ६० फ्रेमवर शूट करायचं आणि ३०वर प्ले करायचं. दुप्पट स्पीडच्या गाण्यावर गायलेलं अर्ध्या स्पीडला येऊन मूळ गाण्याशी बरोबर बसतं. शूटला आम्ही हे केलं. आता साध्या गाण्याला ठीक आहे, पण रॅप दुप्पट स्पीडने म्हणायचं म्हणजे काय हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आमच्या पोराची जीभ अशी वळली की गल्लीतल्या आज्या बाहेर येऊन हसून राहिल्या होत्या. शेवटी फक्त हुकच्या, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या, चार ओळी तशा घेतल्या. निळ्या लायटिंगखाली पोरं वळतात, पाठी कॅमेऱ्याकडे, 'हवा सोडण्यात येईल' हळूहळू फ्रेममधे येतं, आणि कोपऱ्यातून एक काका खरंच गेटसमोर स्कूटर लावतात. काका ठरवून आणलेले नव्हते. तो शॉट ठेवलाय.

दादाबद्दल तक्रार एकच उरते, त्याला स्वतःचं म्हणणं सोडून दुसरं पटत नाही. एका मुलाला खरंच पूर्ण चकचकीत, प्लॅस्टिक, गुलाबी असं काहीतरी करायचं होतं, त्याच्या गाण्याला ते शोभलं पण असतं, त्याला पण याने 'तुझ्या गल्लीत काय आहे' सुरू केलं. प्रत्येकाला गल्ली नसते. मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममधे वाढलेल्या पोराने भिंतीवर काय शोधायचं, लिफ्टमधली सोसायटीची नोटीस? (तसं ते पण वाईट नाही.) अशा वेळी तुमचं डिझाइन पक्कं करून न्या आणि चर्चेत पडू नका, मुकाट छापून देतो आणि छापतो तितकंच चांगलं.

फाइल नेताना अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून, न्या, नाही तर त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात. फोटोवरून करायचं असेल तर फोटो सरळ समोर उभं राहून काढा, तिरका नको. आणि लग्नसराईत जाऊच नका. मे महिन्यात मागची खोली 'टीम नवरी' आणि 'नवरदेवाचे भाऊ'च्या लॉटने छतापर्यंत भरलेली असते, त्याचं भाडं त्याच्यावर निघतं आणि माझं पण, त्यामुळे बोलायला तोंड नाही, पण तुमचा आर्टवाला लॉट तेव्हा सगळ्यात खाली जातो. जून लागला की जा.